जर्मन शेफर्डची पिल्लं काढायचीत? मग बीएच, एडी, आयजीपी आणि क्योरुंग या क्रमाने जा

जर्मनीत एसव्हीच्या कागदांवर जर्मन शेफर्डची पिल्लं काढायची तर मादी माजावर आली आणि ओळखीतला देखणा नर आणला असं चालत नाही, आधी दोघांनी काम करून दाखवायचं असतं. एसव्ही म्हणजे १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी सुरू केलेला जर्मन शेफर्डचा क्लब, त्यांच्या नोंदवहीत पहिला नंबर होरांड फॉन ग्राफराथ या कुत्र्याचा, आणि तेव्हापासूनचा आग्रह एकच की कुत्रं आधी कामाचं हवं, देखणेपण नंतर. मला हे मनापासून पटतं. पण नवीन माणूस हमखास क्रमात गोंधळतो, म्हणून कुत्र्याच्या वयाप्रमाणे सांगते.

सगळ्यात आधी एक्स-रे. बारा महिने पूर्ण झाले की खुबे आणि कोपरं दोन्हीचे फोटो काढून घ्या, क्लबकडून त्याचा अधिकृत निकाल येतो. खुब्यांसाठी नॉर्मल, फास्ट नॉर्मल (म्हणजे जवळपास नॉर्मल) आणि नोख त्सुगेलासन (म्हणजे अजून चालण्याजोगे) हे तीन शेरे ब्रीडिंगला चालतात. त्याशिवाय खुब्यांचा त्सुख्टवेर्ट नावाचा एक आकडा मिळतो, १०० म्हणजे सरासरी, जितका कमी तितकं चांगलं, आणि हा आकडा फक्त त्या एका कुत्र्याच्या फोटोवरून नाही तर भावंडं, आईवडील, पिल्लं सगळ्यांचा हिशेब धरून निघतो. खुबे खराब निघाले तर मन घट्ट करा आणि ब्रीडिंगचा विचार सोडा, कुत्रं घरचं म्हणून तितकंच लाडकं राहतं. हे उशिरा कळलं तर तोवरची सगळी मेहनत ब्रीडिंगच्या दृष्टीने वाया जाते, म्हणून हे पहिलं.

पंधरा महिन्यांनंतर बीएच. ही पायाभूत परीक्षा, यात पास झाल्याशिवाय आयजीपीला (कामाची मोठी परीक्षा, पुढे सांगते) बसता येत नाही. मैदानावर साथ-साथ चालणं, बसणं, झोपणं, बोलावल्यावर येणं, आणि एका कुत्र्याचं काम चालू असताना दुसऱ्याने गप पडून राहणं. मग रस्त्यावरचा भाग, सायकलवाले, पळणारी माणसं, गाड्या, गर्दी. यात माझ्या मते खरी कसोटी एकच, कुत्र्याला बांधून तुम्ही नजरेआड जाता आणि समोरून दुसरं कुत्रं नेलं जातं. आपलं माणूस दिसत नाही, वर परकं कुत्रं जवळून चाललंय, अशा वेळी ते शांत राहतं का यावरून त्याचा स्वभाव लख्ख कळतो. याची तयारी पिल्लूपणापासून करा, आधी पाच सेकंद आड जा, मग दहा.

सोळा महिन्यांनंतर एडी, म्हणजे दमाची परीक्षा. सायकलच्या बाजूने २० किलोमीटर, ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने, मध्ये विश्रांती असते. कुत्रं ताकदीत कमी पडत नाही हो, तळवे कमी पडतात! डांबरी रस्त्यावर सराव केलेला नसेल तर पंजे सोलून निघतात आणि परीक्षक विश्रांतीत पंजे उचलून बघतो. दोन महिने आधीपासून थोडं थोडं अंतर वाढवा, दर वेळी घरी आल्यावर बोटांच्या मधली जागासुद्धा तपासा.

आता मुख्य गोष्ट, आयजीपी. जुन्या कागदांवर शुत्झहुंड किंवा आयपीओ दिसेल, ती याचीच आधीची नावं, २०१९ पासून आयजीपी. पहिली पायरी अठरा महिन्यांनंतर. तीन भाग, माग काढणं, आज्ञापालन, संरक्षण, प्रत्येकी १०० गुण आणि पास व्हायला प्रत्येकात किमान ७०. पहिल्या पायरीचा माग तुम्हीच चालून ठेवायचा, साधारण ३०० पावलं, दोन वळणं, वाटेत टाकलेल्या दोन वस्तू, आणि वीस मिनिटं जुना झाल्यावर कुत्र्याला सोडायचं, तर तिसऱ्या पायरीला परक्या माणसाने टाकलेला ६०० पावलांचा आणि तासभर जुना माग असतो. लोक संरक्षणाच्या भागात कुत्रं ज्या जाड बाहीला पकडतं तिच्याकडे बघत बसतात पण माझा जीव मागावर. सकाळी ओल्या शेतात दहा मीटरच्या दोरीच्या टोकाला उभं राहिलं की नुसता श्वास ऐकू येतो, नाक प्रत्येक पावलात खाली, आणि वस्तू सापडली की ते दोन पंजांच्या मध्ये ती ठेवून अलगद झोपतं. वळणावर ते भटकलं तर दोरी ओढू नका, थांबा, त्याला स्वतः शोधू द्या. सुरुवातीला प्रत्येक पावलात खाऊ, मग हळूहळू कमी, घाई केली की डोकं वर करून पळायची सवय लागते आणि ती मोडताना नाकी नऊ येतात.

मेंढ्यांवर काम करणाऱ्या कुत्र्यांना आयजीपीऐवजी एचजीएच हे टायटल चालतं. खऱ्या कळपासोबत, कुंपणातून बाहेर काढणं, पूल, रस्ता, चरायची हद्द राखणं. कळप नसलेल्याला हे जमणं अवघड, पण ज्या कुत्र्याकडे हे आहे त्याच्या कागदाकडे मी दोनदा बघते, कारण या जातीचं मूळ काम हेच.

मग डॉग शोमध्ये दिसण्या-बांध्याचा शेरा घ्यायचा आणि शेवटी क्योरुंग, म्हणजे ब्रीडिंगसाठीची निवड चाचणी. इथे क्योरमाइस्टर (म्हणजे या चाचणीचा परीक्षक) उंची मोजतो (नर ६० ते ६५ सेंटीमीटर, मादी ५५ ते ६०), वजन, दात, बांधा बघतो, बंदुकीच्या आवाजाला कुत्रं दचकतं का ते बघतो, आणि हेल्पर (हल्लेखोराचं काम करणारा माणूस) आडोशातून अंगावर येतो तेव्हा ते पकड घेतं का, आणि सांगितल्यावर सोडतं का. सोडणं तितकंच महत्त्वाचं, न सोडणारं कुत्रं इथे नापास होऊ शकतं. पहिली क्योरुंग ठरावीक मुदतीची असते, नंतर पुन्हा दाखवून आयुष्यभराची मिळते. वय, मुदती, चाचण्या यांचे बारीक नियम क्लब बदलत असतो, त्यामुळे जोडी ठरवण्याआधी चालू नियमावली वाचाच, जुन्या फोटोकॉपीवर विसंबू नका.

पिल्लू विकत घेणाऱ्यांसाठीसुद्धा हेच सगळं कामाचं. आईवडिलांच्या नावापुढचं टायटल वाचून थांबू नका, तिन्ही भागांचे वेगवेगळे गुण विचारा, नुसतं 'पास आहे' म्हणजे ७१ पण असू शकतं आणि ९६ पण. एक्स-रेचा शेरा दोघांचाही मागा. आणि आई घरात असेल तर तिला दारापाशी नाही, मैदानावर काम करताना बघायला मागा, चांगला ब्रीडर आनंदाने दाखवतो.