कार्बन किती टाकायचा अन् डंबेल ओढायचा कसा

लय पोरं विचारतात, कार्बन (म्हणजे कार्बन ब्लॅक, रबरात मिसळायची काळी पूड) वाढवला की रबर मजबूत होतंच ना? होतं, पण हद्दीपर्यंत. आमचं वाळूजला बुश-गॅस्केटचं काम आहे, तिथं हे रोज बघायलोत.

आधी पाच बॅच करा, 100 भाग एसबीआरला (स्टायरीन-ब्युटाडाइन, कृत्रिम रबर) कार्बन 0, 15, 30, 45 अन् 60 भाग. गंधक, झिंक ऑक्साइड, अ‍ॅक्सिलरेटर सगळ्यात सारखं ठेवा, नाहीतर फरक कशाचा तेच कळणार नाही. कार्बनचा ग्रेड एन330 घ्या, कण 30 नॅनोमीटरच्या आसपास, बारीक म्हणून रबराला धरून बसतो. मिलवर (दोन रुळांचं रबर मिसळायचं मशीन) कार्बन थोडा थोडा घाला, घाई केली की गुठळ्या राहतात अन् डंबेल (टेस्टला ओढून तोडायची, मधे बारीक अन् टोकांना रुंद कापलेली रबराची पट्टी) नेमका तिथंच तुटतो, तुटलेल्या तोंडावर काळा ठिपका डोळ्यानं दिसतो बघा. कार्बननं क्युरिंगचा (मोल्डमध्ये गरम करून रबर पक्कं करायचा) टाइम पण सरकतो, म्हणून प्रत्येक बॅचचा वेगळा काढा.

नुसतं एसबीआर 2-3 मेगापास्कललाच तुटतं, 45-50 भाग कार्बनला ताकद 20 च्या वर चढते. त्यापुढं हार्डनेस वाढतच राहतो पण ताकद उतरायला लागते, अन् इथंच लोक फसतात, कडक लागलं म्हणजे मजबूत समजतात. नैसर्गिक रबराचं वेगळं, ते ताणलं की त्याच्या साखळ्या रांगेत लागून स्फटिक बनतात, म्हणून बिनकार्बनचं पण चिवट असतं.

आता ओढायचं. मोल्डमधून काढल्यावर 16 तास तरी पडू द्या, डंबेल सगळे मिलच्या एकाच दिशेनं कापा, स्पीड 500 मिमी मिनिटाला. मे महिन्यात तापलेल्या शेडमध्ये टेस्ट घेऊ नका, आकडे कमीच येतात.

सगळ्यात महत्त्वाचं, टेस्टच्या आधी डंबेल हातानं ओढून बघू नका!! माझ्याच एका हेल्परनं सहज दोन-तीनदा ताणले अन् 100 टक्के मॉड्युलस (लांबी दुप्पट करायला लागणारा ताण) एवढा खाली आला की मी चांगली बॅच फेकायला निघालो होतो. पहिल्या ताणात कार्बनला चिकटलेल्या साखळ्या सुटतात, कार्बनची आपसातली जाळी मोडते, म्हणून दुसऱ्यांदा तेवढ्याच लांबीपर्यंत रबर मऊ लागतं, त्याच्या पुढं गेलं की आलेखावर परत ताज्या डंबेलच्या रेषेला मिळतं. तुटायची ताकद त्यानं फारशी हलत नाही. कार्बन जास्त तेवढा हा फरक मोठा, 0 वाल्यात जवळपास दिसतच नाही.

हे स्वतः बघायचं असेल तर प्रत्येक बॅचचे तीन डंबेल ताजे ठेवा, तीन आधी ओढून घ्या, 25 मिमीवरच्या दोन खुणा 75 वर जाईपर्यंत. नंतर दोन्ही ओढा अन् रिपोर्टात आकड्याशेजारी 'ताजा' का 'ओढलेला' ते लिहाच.