दुर्बिणीचं माउंट मध्येच बंद पडायचं, त्याची गोष्ट

सोलापूरचं आकाश जानेवारीत कोरडं असतं. गड्ड्याच्या यात्रेचा झगमगाट वगळला तर तक्रार नाही. ध्रुवतारा मात्र इथून जेमतेम साडेसतरा अंशांवर, म्हणजे नेमका शेजाऱ्यांच्या टाकीमागे!

खरी डोकेदुखी वेगळीच. दुर्बिणीचं मोटरवालं माउंट, म्हणजे तिला फिरवणारा स्टँड, तारा धरून संथ फिरताना ठीक चालायचं, पण दुसऱ्या ताऱ्याकडे जोरात वळवलं की हँडसेट, म्हणजे त्याचा हातातला रिमोट, विझून पुन्हा सुरू. ताऱ्यांशी सगळी जुळवणी पहिल्यापासून! मी मोटरला शिव्या घालत होतो.

शेवटी मल्टिमीटर घेतला. १२ व्होल्टचा अडॅप्टर खालच्या खोलीत, तिथून पाऊण चौरस मिलिमीटरची वायर गच्चीपर्यंत, १५ मीटर. वळताना माउंट २ अँपिअर घेतं. अडॅप्टरपाशी १२.१ व्होल्ट, माउंटपाशी १०.६. जाऊन-येऊन ३० मीटर तांबं, दीड व्होल्ट वायरनेच गिळले, म्हणून हँडसेट विझायचा.

अण्णा म्हणाले, "अरे, पंपाला बारीक वायर लावतं का कुणी?" बरोबरच होतं त्यांचं.

जाड वायर आणण्याऐवजी यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी ट्रायपॉडच्या पायाशी ठेवली. मीटरभर जाड वायर, बॅटरीच्या टोकालगत ५ अँपिअरचा फ्यूज. पिनचं मधलं टोक धन आहे हे दोनदा तपासलं, उलटं लागलं तर बोर्डच जायचा. २३० व्होल्टचं एक्स्टेंशन दवात न्यायचंही टळलं.

काल व्याधापासून मृगाच्या तेजोमेघापर्यंत चार फेऱ्या मारल्या. हँडसेट एकदाही विझला नाही. टाकी अजून तिथेच आहे.