चावी बंद केली का? स्वस्तातलं ऑटोमॅटिक डायव्ह घड्याळ घेताना आणि वापरताना

दोन वर्षांमागे सांजांवला, म्हणजे २४ जूनला विहिरीत उड्या मारायच्या गोव्यातल्या सणाला, मी गावच्या विहिरीत उडी मारली, तेव्हा डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलांचा मुकुट, घट्ट बसवलेली होती आणि मनगटावर २०० मीटरचं डायव्ह घड्याळ, म्हणजे पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं, होतं. विहीर फार तर पाच मीटर खोल. संध्याकाळी बघतो तर काचेला आतून वाफ धरलेली आणि तारखेच्या खिडकीपाशी एक बारीकसा थेंब. सकाळी तारीख बदलली होती, चावी (वेळ-तारीख बदलायची बाजूची कळ) परत आवळायची राहून गेली होती. घड्याळजींनी मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि एवढंच म्हणाले, "बाब, दोनशे मीटर लिहिलंय ते चावी बंद असताना."

गोव्यात ही घड्याळं खोलीमुळे मरत नाहीत. उघडी चावी, घाम, खारी हवा आणि वाळलेलं रबर त्यांना मारतं. म्हणून आधी चावी बघायची, मीटरचा आकडा नंतर.

आकडा वाचायचा कसा

घड्याळावर ३० मीटर लिहिलंय म्हणजे ते घालून ३० मीटर खाली जाता येईल असा अर्थ होत नाही. हात धुताना, पावसात भिजताना चालेल, इतकाच. ५० मीटरवर थोडंफार पोहणं जमतं, १०० मीटर असेल तर मिरामार असो की पाळोळे, समुद्रात खुशाल उतरा. डाईव्हसाठी मात्र २०० मीटर आणि आट्यांची चावी, म्हणजे फिरवून आवळायची, ही जोडी हवी.

आयएसओ ६४२५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात घड्याळ किमान १०० मीटरचं लागतं, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली ते तपासतात, खाऱ्या पाण्यात ठेवून बघतात, आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे अशी अट असते. यात उतरलेल्या घड्याळाच्या डायलवर 'डायव्हर्स' हा शब्द असतो. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं घड्याळ वाईट असतं असं नाही, पण त्यावर या मानकाची मोहोर नसते.

आता खरं बोलायचं तर गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटावर नवशिक्यांना नेतात त्या डाईव्हची मर्यादा १२ मीटर. हौशी डायव्हिंगची शेवटची हद्दही ४० मीटर. ५०० मीटरच्या घड्याळासाठी जादा पैसे मोजणं म्हणजे मांडवी नदी पार करायला जहाज भाड्याने घेणं.

काय घ्यावं

बजेट वीस ते तीस हजारांच्या आसपास धरा. या टप्प्यात जपानी घड्याळांना तोड नाही.

आपल्याकडे सिको म्हटलं की आखातातून मामाने आणलेलं सिको फाइव्ह आठवतं. सध्याचं सिको ५ स्पोर्ट्स २०१९ साली आलं, दिसायला अगदी डायव्ह घड्याळ. पण ते १०० मीटरचं आहे आणि चावी साधी, ओढायची-दाबायची. पोहायला उत्तम, डाईव्हला नाही. त्याचा पूर्वज एसकेएक्स००७, १९९६ चा, खरा २०० मीटरचा गडी होता. तो आता जुन्या बाजारातच मिळतो. ओरिएंटची माको आणि कमासू ही दोन्ही २०० मीटरची, आट्यांच्या चावीची. कमासूला नीलमणी काच, म्हणजे सहजी ओरखडा पडत नाही. सिटिझन प्रोमास्टरच्या एनवाय००४० ची चावी आठच्या आकड्यापाशी आहे. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण हात मागे वाकवला की चावी मनगटात रुतत नाही. दुचाकीचा क्लच दिवसभर दाबणाऱ्याला विचारा त्याची किंमत.

जुन्या सिको फाइव्हच्या डायलवर नवा रंग मारून 'व्हिंटेज' म्हणून ऑनलाइन विकतात, त्यांच्या नादी लागू नका. पाणी अडवणारी आतली रबरी रिंग कोणत्या जमान्यातली आहे ते देवाला माहीत.

आणि फक्त समुद्रावर घालायचं असेल, ऑटोमॅटिकचा, म्हणजे सेलशिवाय हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या मशीनचा, सोस नसेल, तर कॅसिओचं सेलवरचं २०० मीटरचं घड्याळ घ्या. निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. हे मी ऑटोमॅटिकचा वेडा असूनही सांगतोय.

दुकानात

पणजीत १८ जून रस्त्यावर जा, म्हापशाला जा की मडगावला, घड्याळ हातात घेतल्याशिवाय घेऊ नका. ४२ मिलिमीटरचा आकडा फसवा असतो. पट्टा जिथे अडकतो ती वरची आणि खालची शिंगं मनगटाच्या सपाट भागात बसतात का ते बघा. बाहेर लोंबत असतील तर घड्याळ मोठं आहे, मग कितीही आवडो.

बेझल, म्हणजे काचेभोवतीची कडी, फिरवा. ती डावीकडेच फिरली पाहिजे, टक टक करत, आणि तिच्यावरचा त्रिकोण बरोबर बाराच्या रेषेवर थांबला पाहिजे. मग चावी उघडा, परत आवळा. आटे अडखळले तर दुसरा नग मागा. सेकंद काटा ठोके देत उड्या मारत असेल तर ते सेलवरचं मशीन. या टप्प्यातली ऑटोमॅटिक मशीनं तासाला २१,६०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला सहा, त्यामुळे काटा सरकल्यासारखा दिसतो. शेवटी मोबाइलचा टॉर्च डायलवर दहा सेकंद धरा आणि ओंजळीत अंधार करून काटे-खुणा चमकतात का बघा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि नंबर लिहून घ्या.

रोज घालताना

हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते, एवढीच यातली जादू. पूर्ण भरलेलं घड्याळ काढून ठेवल्यावर साधारण ४० तास चालतं. शनिवारी काढलं तर सोमवारी बंद. चालू करायला मशीन हाताने भरता येणारं असेल तर चावीला वीसेक फेरे द्या, नाहीतर हळूच हलवा. दिवसाला दहा-पंधरा सेकंद पुढेमागे होणं या किमतीत दोष नव्हे. ओरिएंट स्वतःच दिवसाला २५ सेकंद पुढे किंवा १५ मागे अशी सूट सांगतं.

तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान बदलू नका. त्या वेळेत तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात, जबरदस्ती केली की मोडतात. दिवस की रात्र कळत नसेल तर आधी काटे सहावर आणा.

मग चावी. आत दाबून धरा, आधी किंचित उलटी फिरवा, आटे जागेवर बसल्याचं बोटाला जाणवेल, मग सुलटी. बोटांच्या जोराने आवळा, पक्कड नको. मी आता तारीख बदलली की बोट चावीखालून फिरवून फट लागते का बघतो. सवय लागायला आठवडा लागला.

पाण्यात आणि पाण्यानंतर

डाईव्हच्या आधी बेझलचा त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणायचा. काटा पुढे सरकेल तसा गेलेला वेळ बेझलवर वाचायचा. कडी एकाच दिशेने का फिरते? धक्का लागून सरकली तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी नाही, आणि माणूस लवकर वर येतो. आता डायव्हर खोली आणि वेळ मोजणारा छोटा कॉम्प्युटर वापरतात, घड्याळ हा जोडीदार. मी तर त्यावर रिबंदर-चोडण फेरीची वाट आणि उकड्या तांदळाचा भात मोजतो.

पाण्यात किंवा ओल्या हाताने चावीला हात लावायचा नाही. बाहेर आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याखाली धरून, चावी बंद ठेवून, बेझल दोन-चार फेरे फिरवा. वाळूचा एक कण कडीखाली गेला तरी टकटक बंद होते. कातडी पट्टा समुद्रात न्यायचा नाही, आठ दिवसांत वास मारतो. रबर किंवा नायलॉन घ्या. पावसाळ्यात धातूच्या चेनच्या सांध्यांत घाम आणि साबण साचतो, महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने घासा. गरम पाण्याची आंघोळ मात्र घड्याळ काढून.

आतून वाफ दिसलीच तर उन्हात ठेवू नका, तांदळात पुरू नका. त्याच दिवशी घड्याळजी गाठा. खारं पाणी गेलं असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. माझ्या विहिरीच्या पाण्याने तारखेच्या चकतीवर एक तपकिरी डाग ठेवला, १९ आकड्यापाशी, आणि तेवढ्यावर भागलं.

रबरी रिंग्ज दर दोनेक वर्षांनी बदलून दाबाची चाचणी करून घ्या. झाकण ज्या ज्या वेळी उघडलं जाईल, त्या वेळीही. चाचणीचं यंत्र प्रत्येक घड्याळजीकडे नसतं, आधी फोन करून विचारा. मी हे काम मे महिन्यातच उरकतो. जूनच्या २४ तारखेला विहीर भरलेली असते.