बाहेरचा गिलावा: मिस्तरी ठरवताना काय बोलून घ्यायचं

गिलाव्याचा भाव स्क्वेअर फुटावर ठरतो आणि घोळही तिथंच होतो. एखादा मिस्तरी इतरांपेक्षा बराच कमी भाव सांगतो, तेव्हा परांची, जाळी किंवा दुसरा हात (गिलाव्याचा वरचा थर) त्याने बहुतेक हिशोबातून काढलेला असतो. म्हणून भावात काय काय धरलंय ते आधी विचारा. परांचीचे बांबू किंवा पाइप कोणाचे? रेती चाळणार कोण? छज्जे, पट्ट्या, खाचा याच भावात की रनिंग फुटावर वेगळ्या? दारं-खिडक्या मापातून वजा करायच्या की नाही? बिल देताना सगळ्यात जास्त वाजतं ते याच शेवटच्या मुद्द्यावरून. सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. ‘हुई जाई, भाऊ’ एवढ्यावर काम देऊ नका.

मिस्तरीचं नवं काम बघून काही कळत नाही. दोन पावसाळे खाल्लेलं घर दाखवायला सांगा. तिथे खिडकीचे कोपरे, स्लॅब आणि विटांचा सांधा, आणि छज्जाची खालची बाजू बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, रुंद भेग गेली असेल तर दोष बहुधा गिलाव्याचा नसतो. काळ्या मातीत पाया हलला की अशी भेग पडते. तुमच्याच घराला ती असेल तर आधी पायाचं बघा, वरून गिलावा थापून ती बुजत नाही.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढलेलं उत्तम. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि गरम वाऱ्याने गिलावा घट्ट होण्याआधीच सुकतो. मग बारीक जाळीसारख्या भेगा पडतात आणि हात फिरवला की रेती गळते. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर घ्या आणि परांचीला हिरवी नेट बांधा. होळी आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मजूर गावी जातात, सातपुड्याकडची मंडळी तर होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासूनच. अर्धी भिंत त्या सुट्टीत अडकली तर पाणी मारायला कोणी उरत नाही.

मालाचा अंदाज स्वतः काढा. बाहेरून दोन हातांत मिळून 20 मिमी जाडी आणि 1:4 चा माल (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) धरला, तर 100 स्क्वेअर फुटाला दीड ते पावणेदोन गोणी सिमेंट आणि 7 ते साडेआठ घनफूट रेती लागते. म्हणजे 1500 फुटांना साधारण 25 गोण्या आणि सव्वा ब्रास रेती (ब्रास म्हणजे 100 घनफूट). विटांची भिंत वाकडी-तिकडी असेल तर हा आकडा वाढतो. एक गोणी म्हणजे सव्वा घनफूट, म्हणून त्याच मापाचा फर्मा (मोजायची पेटी) करून घ्या आणि एका गोणीला चार फर्मे रेती घाला. घमेल्याने मोजलं तर सकाळचा माल वेगळा, संध्याकाळचा वेगळा.

रेती तापी-गिरणेची असो की क्रश सँड (दगड भरडून केलेली रेती), तिच्यातली माती तपासा. बाटलीत अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून तीन तास ठेवा. सहा सेंटिमीटर रेतीवर मातीचा थर पाच मिलिमीटरपेक्षा जाड दिसला तर गाडी परत करा. क्रश सँड घेताना गिलाव्याची मागा, काँक्रीटची भरड नको. नदीच्या रेतीची रॉयल्टी पावती घेऊन ठेवा. बोअरचं पाणी जिभेला खारट लागलं तर ते मालात वापरू नका, पुढे भिंतीवर पांढरा लोणा फुटतो.

गिलाव्याआधी कॉलम-बीमवर टाचे मारलेले (गिलावा धरावा म्हणून पृष्ठभाग टोचून खडबडीत केलेला) हवेत, आणि वीट व काँक्रीट जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी जाळी खिळ्यांनी ताणून ठोकलेली. ही जाळी टाळली की त्याच रेषेत, सरळ पट्टीने आखल्यासारखी भेग येते. लाल विटांची भिंत आदल्या दिवशी चांगली भिजवा. फ्लाय ॲशच्या विटा कमी पाणी पितात, त्या नुसत्या ओल्या करा. पहिला हात 12 ते 15 मिमी. तो ओला असतानाच थापीने नागमोडी ओरखडे मारायला लावा आणि पाणी मारत दोन-तीन दिवस घट्ट होऊ द्या. दुसरा हात पातळ, स्पंज फिनिशचा. वॉटरप्रूफिंगचं औषध डब्यावर लिहिलंय तेवढंच, जास्त ओतून फायदा नाही. छज्जाखाली कडेपासून दोन इंच आत खाच पाडून घ्या. ती नसली की पावसाचं पाणी खालून वळून थेट खिडकीच्या चौकटीवर येतं.

कामावर उभं राहून दोनच गोष्टी बघितल्या तरी पुरे. तासापेक्षा जुन्या मालात पाणी घालून तो परत चालवू देऊ नका. आणि लवकर सुकावं म्हणून ओल्या गिलाव्यावर कोरं सिमेंट शिंपडू देऊ नका, केसासारख्या भेगांचं ते नेहमीचं कारण आहे.

पाणी मारायचं काम कोणाचं, हे कागदावर नावानिशी लिहा. मिस्तरी समजतो मालक मारेल, मालक समजतो बिगारी मारतोय. दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस, उन्हाळ्यात दहा, दिवसातून तीन-चार वेळा. पश्चिमेची भिंत दुपारी कोरडी पांढरी दिसायला नको.

उचल थोडी द्या, मग पहिल्या हाताचे, मग दुसऱ्या हाताचे पैसे, आणि दहा टक्के पाणी पुरं होईपर्यंत राखून ठेवा. ते देण्याआधी लाकडी दांड्याने भिंत ठोकत फिरा. भदभद आवाज आला तिथे गिलावा विटेला धरलेला नाही. तेवढा भाग चौकोनी कापून, मागचं साफ करून, सिमेंटचा घोळ मारून परत भरून घ्या. रंगवाल्याला महिन्याभराने बोलवा.