चाळिशीनंतर अंगातली ताकद घरच्या घरी कशी तपासावी

पंचेचाळिशीतल्या बाईला जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागू लागला, की घरचे 'वय झालं' म्हणून विषय संपवतात. हे मला अजिबात मान्य नाही. सोलापुरात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई किंवा यंत्रमागावर लांबलचक पाळी उभ्याने काढणारा कामगार यांची ताकद, पुरेसा आहार, विश्रांती आणि वेळेवर उपचार मिळणाऱ्या समवयस्कांपेक्षा लवकर ओसरण्याची शक्यता अधिक असते. त्यामागे वयाइतकीच परिस्थिती असते आणि ही घट वेळीच ओळखल्यास बरीचशी भरून काढता येते.

तपासणीसाठी हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर दुमडून, जमेल तितक्या वेगाने पाच वेळा पूर्ण उभे राहावे व बसावे. दुसऱ्याने मोबाइलवर वेळ मोजावी. आशियाई लोकांसाठी 2019 मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार 12 सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास शारीरिक क्षमता कमी मानतात. हे निकष मुळात ज्येष्ठांसाठी आहेत, म्हणून पन्नाशीच्या आतच असा आकडा आला तर तो अधिक गंभीरपणे घ्यावा. वेळ व तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे.

'दिवसभर राबतोच, मग वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. पण विड्या वळताना बोटे आणि खांदे शिणतात, मांड्यांचे स्नायू मात्र तासन्‌तास स्वस्थ असतात. मागापाशी उभे राहिल्याने पाय दुखतात, बळकट होत नाहीत. म्हणून आठवड्यातून किमान दोन दिवस खुर्चीवरून दहा वेळा उठबस, भिंतीला धरून टाचा उचलणे आणि भिंतीवर हात टेकवून जोर काढणे, असे दोन-तीन फेरे करावेत. एप्रिल-मेमध्ये हे ऊन चढण्यापूर्वी उरकावे. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी.

ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला आहारातूनच मिळवावा लागणारा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो, म्हणून भाकरीबरोबर नुसत्या शेंगा चटणीवर न भागवता रोज घट्ट वरण किंवा उसळ घ्यावी. चालत असल्यास अंडे घ्यावे.

तिशीनंतर रक्तदाब व साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. नगावर मजुरी असली की एक खाडासुद्धा परवडत नाही, हे खरे. म्हणून सुट्टीचा दिवस आणि केंद्राची वेळ यांचा मेळ आधीच विचारून ठेवावा. मात्र छातीत दुखले, शरीराची एक बाजू अचानक लुळी पडली किंवा बोलणे अडखळू लागले, तर सुट्टीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.