वाफेच्या इंजिनाचा आवाज: मॉडेल रेल्वेत या चुका टाळा

मॉडेल इंजिनात आवाज बसवणारे नवे लोक पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात, "आवाज अजून मोठा कसा करायचा?" भकभक चाकाशी जुळते का, हे सहसा कुणी विचारत नाही. लोकांची इंजिनं उघडून बसण्यात माझे कित्येक रविवार गेले, आणि आत चुका त्याच त्या.

स्पीकरचे ओहम न तपासणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने जुनं, आवाजवालं इंजिन घेतलं. आत ईएसयू कंपनीचा लोकसाउंड ३.५ डिकोडर होता, म्हणजे रुळांतून येणारा हुकूम वाचून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारी छोटी चकती. स्पीकर फाटका, म्हणून त्याने मोबाइलमधला छोटा ८ ओहमचा स्पीकर काढून डकवला. संध्याकाळी फोन आला, "काका, काय दणदणीत वाजतंय!" रात्री दुसरा फोन, "काका, इंजिन धावतंय, दिवा लागतोय, पण आवाज गेला." या डिकोडरला १०० ओहमचा स्पीकर लागतो (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा). ८ ओहमचा जोडला की झेपेल त्याच्या कित्येक पट करंट खेचला जातो आणि आवाजाचा अँप्लिफायर जळतो. मोटर आणि दिव्याचा भाग वेगळा, म्हणून ते शाबूत राहिले. दोन मिनिटं माहितीपत्रक वाचलं असतं तर डिकोडर वाचला असता. मला आजही त्याची हळहळ वाटते, कारण तसे डिकोडर आता सहज मिळत नाहीत. त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीला, म्हणजे व्ही ४ ला, ४ ते ८ ओहम चालतात, म्हणून नाव सारखं दिसलं तरी गृहीत धरू नका. मी कुठलाही स्पीकर जोडण्याआधी मल्टिमीटर लावतो. ८ ओहमचा स्पीकर साधारण ७ दाखवतो. ४ ओहमचे दोन समांतर जोडले की २ होतात, हेही विसरू नका.

स्पीकर उघडा ठेवणं ही दुसरी चूक. पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना मारते, खर्ज नाहीसा होतो आणि उरते पत्र्याची किरकिर. मागे हवाबंद डबी हवीच. फट राहिली का पाहायला मी कडेने ब्लू-टॅक दाबतो. आवाज एकदम भरदार झाला, तर गळती तिथेच होती. मग आवाज कमी करा. त्यासाठी डिकोडरमधली सीव्ही, म्हणजे क्रमांक दिलेली सेटिंग, बदला: ईएसयूत सीव्ही ६३, झिमो कंपनीच्या डिकोडरात सीव्ही २६६. एवढुशा स्पीकरला पूर्ण ताकदीवर चिरकताना ऐकवत नाही.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय: चाक आणि भक यांचा मेळ. दोन सिलिंडरच्या इंजिनाचा दट्ट्या दोन्ही बाजूंनी वाफ घेतो, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार भक. ब्रिटिश अभियंता ग्रेस्लीच्या तीन सिलिंडरवाल्या फ्लाइंग स्कॉट्समन इंजिनाचे सहा. ब्रिटनच्याच ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कॅसल इंजिनाला चार सिलिंडर असूनही भक चारच, कारण दोन-दोन सिलिंडर एकाच वेळी वाफ सोडतात. चार सिलिंडरच्याच लॉर्ड नेल्सन इंजिनाचे मात्र आठ, कारण तिथे क्रँकचे, म्हणजे दट्ट्याने चाक फिरवणाऱ्या दांड्यांचे, कोन वेगळे. आपल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी इंजिनाचं चाक ५ फूट ७ इंचांचं, सिलिंडर दोन. ताशी ५ किलोमीटरने निघताना सेकंदाला जेमतेम एक भक, आणि ताशी १०० ला सेकंदाला वीसच्या आसपास. म्हणून खरं इंजिन निघताना एकेक भक मोजता येते आणि वेगात सगळं मिळून घुमतं. टेबलावरचं इंजिन मुंगीच्या पावलांनी चाललंय आणि आवाज मेलगाडीचा, हे मला सहन होत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त धीर हवा. चाकाच्या आऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, पहिल्या स्पीड स्टेपवर, म्हणजे कंट्रोलरच्या सगळ्यात कमी वेगावर सोडा, मोबाइलवर चित्रीकरण करा आणि हळू करून एका फेऱ्यातल्या भक मोजा. ईएसयूत सीव्ही ५७ ने सुरुवातीचा मेळ बसतो, सीव्ही ५८ ने वरच्या वेगाचा. झिमोत सीव्ही २६७. एका वेळी एकच आकडा बदला आणि आधीचा वहीत लिहा. माझी ती वही इंजिनांपेक्षा जुनी आहे.

सीव्ही ३ (वेग घ्यायला लागणारा वेळ) आणि ४ (थांबायला लागणारा वेळ) शून्य करू नका. वेग घेताना जोरकस भक आणि वाफ बंद करून घरंगळताना फक्त दांड्यांची खळखळ, हा सगळा खेळ त्या वेळेतच दिसतो.

काही बिघडलं की सीव्ही ८ मध्ये ८ टाकून रिसेट मारायची, म्हणजे सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला न्यायची सवय सोडा. महिनाभराचा मेळ एका क्षणात जातो.

आवाज मधेच तुटतोय? आधी चाकं पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने. डिकोडरवर संशय नंतर. रुळांना सँडपेपर लावू नका, त्या ओरखड्यांत घाण भरते.

जुन्या गाड्यांचंही तेच. हॉर्नबी कंपनीच्या काही जुन्या तेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, धुऱ्याबरोबर फिरणाऱ्या खरखरीत भागावर पत्ती घासून भकभक निघते. तेल पाजण्याच्या उत्साहात तिथे थेंब पडला की ती मुकी होते. कापूस आणि थोडं अल्कोहोल, बस. १९३५ पासूनच्या लायोनेल या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीच्या तेंडरमधली शिट्टी ही छोट्या मोटरवरच्या पंख्याची हवा असते. रुळांतल्या एसीवर थोडा डीसी चढला की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ती चालू करतो. साध्या ट्रान्सफॉर्मरवर ती वाजत नाही म्हणून तेंडर उघडून मोटर उचकटणारे मी पाहिलेत. आधी शिट्टीचं बटण असलेला कंट्रोलर लावून बघा.