मराठवाड्याच्या भूमीवर माहितीपट करताय? या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त मे महिन्यात कॅमेरा घेऊन येणं. भेगाळलेलं रान, टँकरभोवतीच्या घागरी, आठ दिवसांत चित्रण उरकतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दाखवायलाच हवं. पण त्याच काळ्या रानात पौषात ज्वारी हुरड्याला येते, श्रावणात बालाघाटचे डोंगर हिरवे होतात. ते वगळलंत तर भूमी दिसतच नाही, नुसता दुष्काळ दिसतो. म्हणून एखादा बांध निवडा, दगडावर चुन्याची खूण करा आणि वर्षातून चार वेळा त्याच जागेवरून, त्याच लेन्सनं टिपा. मी पहिल्या वर्षी खूण केली नव्हती. ज्वारी काढल्यावर नेमकी जागा सापडेना, आधीची सगळी दृश्यं जुळायची राहिली.

भर दुपारी खडक काळाठिक्कर आणि आभाळ पांढरंफटक येतं का? एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लेन्सला लावून हे सुटत नाही, कारण तो दोन्ही सारखेच मंद करतो. वेळ बदला. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, तिथं दिवस कलल्यावर जा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. ट्रायपॉड आणि ड्रोनसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढा.

लोणारचं विवर मराठवाड्यात घुसवू नका. ते बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात आहे.

माळावरचा वारा माइकमध्ये घोंघावतो आणि संकलनात तो पुरता निघत नाही. माइकला केसाळ कव्हर घाला, शिवाय संकलनात जोडायला प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं कुणीही न बोलता नुसता तिथला आवाज घ्या.

निवेदनात सरसकट ‘ओसाड जमीन’ लिहिलेलं मला फार खटकतं. इथला शेतकरी काळी, मुरमाड, बरड, चोपण असं वेगवेगळं ओळखतो. कुठं पाणी मुरतं आणि कुठं नुसतं वाहून जातं, ते या शब्दांतच आहे. निवेदन लिहिण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या बाबांबरोबर शिवार फिरा. “बाबा, इथं काय येतं?” एवढं विचारा आणि कॅमेरा चालू ठेवा.

किल्लारी परिसरात मात्र आधी कॅमेरा बंद ठेवून बसा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर तिथली गावं नव्या जागी वसली. जुन्या गावठाणात न्यायचं की नाही, हे तिथल्या माणसांना ठरवू द्या.